हाफटाइमला झोपणारा साउंडबार : सात महिने वापरल्यावर

वॉट किती, आर्क आहे का, वूफर वायरलेस आहे का, हे सगळं तुम्ही वाचूनच आला असाल. ते परत लिहीत नाही. मी एकाच गोष्टीवर लिहिणार आहे, कारण तिने माझं डोकं खाल्लंय : हा बार बरोब्बर हाफटाइम संपताना झोपतो.

दसऱ्याच्या ऑफरमध्ये ६,९९९ ला घेतला. इंदिरानगरला आमच्या हॉलमध्ये दर शनिवारी इंग्लंडातल्या फुटबॉलच्या मॅचेस बघायला मंडळी जमतात. शेजारचे सर, इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, पक्के आर्सेनलवाले. देवळाली कॅम्पातला मित्र लिव्हरपूलचा. भाचा जो जिंकेल त्याचा. मी मँचेस्टर युनायटेडचा, त्यामुळे मला सहन करायची सवय आहे. शनिवारी दुपारी तीनच्या मॅचेस खुद्द इंग्लंडात टीव्हीवर लाइव्ह दाखवत नाहीत, लोकांनी मैदानावर जावं म्हणून. आपल्याला इथे बसून दिसतात. थंडीत साडेआठला, आणि मार्चअखेर तिकडची घड्याळं पुढे सरकली की साडेसातला.

आवाज उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. टीव्हीच्या स्पीकरवर कॉमेंटेटर पिंपात बसून बोलतोय असं वाटायचं. बारच्या 'व्हॉइस' मोडवर शब्द न् शब्द कळायला लागला, आणि तिथेच भांडणं सुरू झाली. पूर्वी कुणाला काही ऐकूच यायचं नाही, म्हणून शांतता होती.

भाचा म्हणाला, "आर्सेनल इज प्लेइंग वेल." सर म्हणाले, "आर. टीम म्हणजे अकरा माणसं, तिकडे आर म्हणतात." भाचा म्हणाला, कंपनीला इज लावतात, क्लबपण कंपनीच आहे. मग 'टू-झिरो' म्हटलं की सर 'टू-निल' करणार. 'ऑफसाइड्स' म्हटलं की शेवटचा स काढून घेणार. एकदा भाच्याने सॉकर हा अमेरिकन शब्द म्हणून हिणवला, तर सरांनी मॅच सोडून अर्धा तास घेतला : शब्द इंग्लंडचाच, १८६३ साली फुटबॉल असोसिएशन निघाली, त्या 'असोसिएशन'मधला 'सॉक' उचलून तिकडच्या विद्यार्थ्यांनी त्याला 'अर' जोडला, तसाच रग्बीचा 'रगर'. कॅम्पवाला वैतागून म्हणाला, "सर, इंग्रजीला आम्हीपण शब्द दिलाय." आणि ते खरं आहे. गोरे सोल्जर मायदेशीच्या बोटीची वाट बघत देवळालीला पडून राहायचे, कंटाळून काहीबाही करायचे, त्यावरून वेड लागलेल्याला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणतात. 'डूलॅली टॅप' असंही म्हणायचे, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. त्या दिवशी सर पहिल्यांदा गप्प बसले.

असो. मूळ मुद्दा. हाफटाइमला जाहिराती लागतात म्हणून मी म्यूट करतो. पंधरा मिनिटं आवाज आला नाही की बार आपोआप बंद होतो. आणि फुटबॉलच्या नियमात हाफटाइम किती? जास्तीत जास्त १५ मिनिटं! दुसरा हाफ सुरू, खेळाडू पळतायत, आणि आमच्या हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज. रिमोट दाबला की उठायला सात-आठ सेकंद, वर व्हॉल्यूम आपणहून १० वर. त्या सात-आठ सेकंदांत लिव्हरपूलचा एक गोल मुक्याने झाला. कॅम्पवाला अजून मला माफ करत नाही.

मॅन्युअल काढलं. त्यात लिहिलंय, 'द युनिट विल बी स्लेप्ट.' सर पाच मिनिटं नुसते त्या ओळीकडे बघत राहिले. "स्लीपचं पॅसिव्ह?"

सर्व्हिस सेंटरला बार नऊ दिवस होता. परत आला तेव्हा जॉबशीटवर 'नो प्रॉब्लेम फाउंड'. त्यांनी गाणी लावून तपासला. गाणं चालू असताना कसा झोपेल? मग ईमेल करायचं ठरलं, हाफटाइमलाच. मी लिहिलं, 'इज नॉट वर्किंग सिन्स टू मंथ्स.' सरांनी फोन हातातून घेतला. 'हॅज नॉट बीन वर्किंग फॉर.' भाचा म्हणाला, सर, पण वर्किंग तर आहे, झोपतोय फक्त. यावर जुंपली. तेवढ्यात बार झोपला. तीन दिवसांनी उत्तर आलं, बिल जोडून 'काइंडली रिव्हर्ट बॅक'. सरांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं आणि मग जे बोलले ते मराठीत बोलले.

इथपर्यंत लिहून मी एक स्टार देणार होतो. पण काल घरी टेक्निशियन आला, सिन्नरचा मुलगा. मी मराठीत दोन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, "दादा, ब्लूटूथचं बटण पाच सेकंद दाबून धरा." लाइट दोनदा लुकलुकला. झोपणं बंद! मॅन्युअलमध्ये याचा एक शब्द नाही. पैसे शून्य घेतले, चहासुद्धा अर्धाच घेतला. म्हणून आता साडेतीन स्टार. अर्धा कापला तो त्या नऊ दिवसांचा, आणि एक का कापला ते खाली.

आज सकाळी पाहिलं तर सेटिंग गेलेलं. कारण आमच्या आईचा नियम : झोपायच्या आधी बोर्डावरची सगळी बटणं बंद, लाइटबिल काय फुकट येतं का. करंट गेला की बार सगळं विसरतो. आईला सांगून बघितलं, ती म्हणाली, "त्याला झोपायचंय तर झोपू दे की." त्यामुळे आता दर शनिवारी मॅचच्या आधी मी गुडघ्यावर बसून बटण दाबणार, आणि भाचा एक ते पाच मोजणार.