बोत्स्वानाचे हिरे, झांबियाचं तांबं
दोघेही शेजारी, दोघेही समुद्रापासून तुटलेले. झांबिया १९६४ साली स्वतंत्र झाला तेव्हा हाताशी तांब्याच्या चालू खाणी होत्या. १९६६च्या बोत्स्वानाकडे डांबरी रस्ता जेमतेम १२ किलोमीटर. पण तांबं जड. बंदराला न्यायचं तर रेल्वे हवी. १९७३ला ऱ्होडेशियाची (आजच्या झिम्बाब्वेची) सीमा बंद झाली आणि टांझानियातल्या दार-ए-सलाम बंदराला जाणारा १,८६० किलोमीटरचा ताझारा लोहमार्ग चीनच्या मदतीने पुरा होईस्तोवर हाल झाले. त्यात तांब्याचा भावही कोसळला.

बोत्स्वानातल्या ओरापा खाणीचे हिरे मात्र पेटीत मावतात, विमानाने जातात. तरी मला नकाशापेक्षा मोलाचा वाटतो तो बोत्स्वानाने डी बिअर्स या हिरे कंपनीकडून घासाघीस करून मिळवलेला निम्मा वाटा. त्याच पैशातून शाळा, दवाखाने उभे राहिले. विषमता तिथेही बोचण्याइतकी आहेच.