जॉनी कॅशची फॉल्सम तुरुंगातली एलपी: एका रेकॉर्डिस्टचे कान

अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशच्या 'अ‍ॅट फॉल्सम प्रिझन' या रेकॉर्डची ही प्रत मला जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या एकाकडे मिळाली. कव्हरचा कोपरा दुमडलेला, दुसऱ्या बाजूला सुरुवातीला खरखर. तरीही पंधरा दिवस झाले, रात्री जेवणं आटोपली की मी हीच लावतो.

नाटकांचं आणि भजनांचं रेकॉर्डिंग करण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. त्यामुळे गाण्याच्या आधी मला जागा ऐकू येते. ही जागा म्हणजे कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगाचं जेवणघर, तारीख १३ जानेवारी १९६८. त्या दिवशी दोन कार्यक्रम झाले, म्हणजे एक फसला तर दुसरा हाताशी. रेकॉर्डवर आलं ते बहुतेक सकाळचंच. कॅशने तुरुंगवासाची शिक्षा कधी भोगलेली नव्हती. हवाई दलात जर्मनीला असताना या तुरुंगावरचा चित्रपट पाहून त्याने 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' रचलं, १९५५ मध्ये ते आलं, आणि आता तो ते खुद्द फॉल्सममध्ये गात होता.

सुरुवात पाहा. कॅश आपलं नाव सांगेपर्यंत गप्प राहा, असं कैद्यांना आधीच बजावलं होतं. त्यामुळे तो "हॅलो, आय'म जॉनी कॅश" म्हणतो आणि मगच सगळं जेवणघर उसळतं. लगेच त्याच्या साथीदाराची, ल्यूथर पर्किन्सची गिटार. मोजकेच सूर, पण रुळांवरून गाडी निघावी तसा ठेका. याहून जास्त वाजवायची त्याला गरजच नाही.

मग 'फॉल्सम प्रिझन ब्लूज'मधली ती ओळ येते: रेनो शहरात एकाला गोळी घातली, केवळ तो मरताना बघायला. त्यावर कोणीतरी आनंदाने ओरडतो. हे ओरडणं त्या क्षणाचं नाही, नंतर जोडलेलं आहे. पहारेकऱ्यांच्या देखत कैदी जपूनच वागत होते. हे कळल्यापासून ती जागा मला टोचते. निर्मात्याच्या आग्रहाखातर एका एकपात्री प्रयोगाच्या कॅसेटमध्ये मीही हशा वाढवला होता. कॅसेट खपली, पण तो हशा आजही मला खोटाच ऐकू येतो. फॉल्सममध्ये तर त्या ओळीनंतरची शांतताच जास्त बोलली असती.

कारण बाकी सगळं किती खरं आहे! मध्येच कैद्यांसाठीच्या सूचना ऐकू येतात. खाणकामगारांच्या गंभीर गाण्यात कॅशला हसू फुटतं. फाशीच्या गाण्यात तो उरलेली मिनिटं मोजत जातो तेव्हा समोरचे लोक हसतात, आणि त्या हसण्याने माझ्या अंगावर काटा येतो. स्टुडिओत यातलं काहीच राहिलं नसतं.

नवीन घेणार असाल तर २००८ ची आवृत्ती बघा, तिच्यात दोन्ही कार्यक्रम आहेत. पण ऐकताना शेवटच्या गाण्यापर्यंत थांबाच. 'ग्रेस्टोन चॅपल' हे ग्लेन शर्ली या तिथल्याच कैद्याने रचलेलं. एका धर्मोपदेशकामार्फत त्याची टेप आदल्या दिवशी कॅशपर्यंत पोहोचली आणि रातोरात त्याने गाणं बसवलं. दुसऱ्या दिवशी शर्ली पहिल्या रांगेत बसलेला, आणि गाणं एका कैद्याचं आहे हे कॅश सगळ्यांसमोर सांगतो. इथल्या टाळ्या आल्या की मी आवाज वाढवतो.