चीप ट्रिकचा 'इन अनदर वर्ल्ड': कित्येक महिने ऐकल्यानंतर

चीप ट्रिकच्या चाहत्यांमध्ये 'इन अनदर वर्ल्ड'चा विषय निघाला की बोलणं गाण्यांवरून सुरू होतं आणि बघता बघता ड्रमपाशी येऊन अडतं. जुना ड्रमर बन ई. कार्लोस नाही, मग ही कसली चीप ट्रिक, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. दुसरी बाजू म्हणते, रॉबिन झँडर गातोय तोवर बँड जिवंत आहे. मी हा अल्बम गेले कित्येक महिने घरी स्पीकरवर, प्रवासात इअरफोनवर, स्वयंपाक करताना, असा सगळीकडे ऐकलाय. सुरुवातीला जी गाणी सारखी लावत होते आणि आज जी लावावीशी वाटतात, त्यांत बराच फरक पडलाय. नेमकं त्याबद्दलच लिहायचंय.

ज्यांना बँड नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत इलिनॉय राज्यात रॉकफर्ड नावाचं शहर आहे, हे तिथले. पहिला अल्बम १९७७चा. मायदेशी फारसं कुणी विचारत नव्हतं तेव्हा जपानने यांना डोक्यावर घेतलं. एप्रिल १९७८मध्ये टोकियोच्या बुडोकान सभागृहात झालेल्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण खरं तर फक्त जपानसाठी होतं, पण अमेरिकेत त्याला इतकी मागणी आली की १९७९मध्ये ते तिथेही काढावं लागलं. पुढे १९८८मध्ये 'द फ्लेम' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, २०१६मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं. 'इन अनदर वर्ल्ड' हा त्यांचा विसावा स्टुडिओ अल्बम. ९ एप्रिल २०२१ला आला, निर्माता ज्युलियन रेमंड.

यांना सगळे 'पॉवर पॉप' म्हणतात. बीटल्सच्या वळणाच्या चाली आणि त्याखाली दणदणीत गिटार, असा त्याचा साधा अर्थ. पण या बँडचं निम्मं रक्त इंग्लंडच्या ग्लॅम रॉकचं, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या भडक वेशातल्या, ठेकेबाज रॉकचं आहे. पुरावा हवा असेल तर त्यांनी दुसऱ्यांची कोणती गाणी गायली ते बघा. १९७८च्या 'हेवन टुनाइट'वर रॉय वुडचं 'कॅलिफोर्निया मॅन', २००९च्या 'द लेटेस्ट'वर स्लेडचं 'व्हेन द लाइट्स आर आउट', आणि पुढे डेव्हिड बोवीचं 'रेबेल रेबेल'. जवळपास चाळीस वर्षं एकाच घराण्याशी इमान. पाय आपटायला लावणारा जाड ठेका, टाळ्या, सगळ्यांनी मिळून ओरडून म्हणायच्या ओळी. 'बॉइज अँड गर्ल्स अँड रॉक एन रोल' हे या अल्बमवरचं चौथं गाणं त्याच मुशीतलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच पाठ झालं.

आणि इथेच महिन्यांचा हिशेब सुरू होतो. अल्बमचा पुढचा भाग झटकन भिडतो. 'द समर लुक्स गुड ऑन यू' तर २०१८मध्येच सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून, आलं होतं, त्यामुळे चाहत्यांना ते आधीपासून तोंडपाठ होतं. 'क्विट वेकिंग मी अप' त्याच जोशात येतं. पुढे आठव्या क्रमांकावर येणाऱ्या 'लाइट अप द फायर'ची रिफ, म्हणजे गिटारची सारखी परतणारी धून, भारदस्त आहे. पण ही गाणी पुन्हा पुन्हा ऐकली की कान शिणतो. इअरफोनवर तर फारच. सगळ्या जागा भरून टाकल्या आहेत, गिटारवर गिटार, आवाजावर आवाज. मला सगळ्यात जास्त चुटपुट लागते ती टॉम पीटरसनच्या बास गिटारची. बारा तारांचा बास ही या माणसाने रॉकला दिलेली देणगी. नेहमीच्या चार तारा, आणि प्रत्येकीबरोबर वरच्या सप्तकात लावलेल्या दोन. त्यातून पियानोसारखा खणखणीत, रुंद नाद निघतो. जुन्या रेकॉर्डवर तो स्पष्ट ऐकू येतो. इथे तो या गर्दीत शोधावा लागतो.

म्हणून ड्रमच्या भांडणात मी कार्लोसच्या बाजूची असूनही डॅक्स नीलसनला दोष देत नाही. डॅक्स हा गिटारवादक रिक नीलसनचा मुलगा, २०१०पासून बँडबरोबर वाजवतोय. कार्लोसच्या वाजवण्यात एक सैलपणा होता. तो ठेका किंचित मागे ओढून धरायचा, त्यामुळे गाणं झोकात चालायचं. डॅक्स सरळ आणि जोरात वाजवतो. दोन पद्धती आहेत इतकंच. मूळ अडचण मिक्सची, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याची आहे. कार्लोस असता तरी या मिक्समध्ये त्याचा सैलपणा दाबला गेला असता, असं माझं ठाम मत आहे. प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणात डॅक्स ऐका, कितीतरी मोकळा वाटतो.

आता जे टिकलं त्याबद्दल. 'सो इट गोज' हे सातवं गाणं सुरुवातीच्या दिवसांत माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं. धांगडधिंगा संपल्यावर मध्येच येणारं शांत गाणं, एवढीच त्याची नोंद. आज अल्बमवर माझ्याकडून सर्वांत जास्त ऐकलं जातं ते हेच. कारण इथे झँडरच्या आवाजाला मोकळी जागा मिळाली आहे. या गायकाकडे पहिल्यापासून दोन आवाज आहेत, एक छतापर्यंत जाणारा आणि एक कानाशी बोलणारा. साठी ओलांडल्यावर बहुतेक रॉक गायक गाणी खालच्या पट्टीत आणतात. झँडर वरच्या पट्टीत अजूनही सुरात जातो, पण मला जास्त थक्क करतो तो त्याचा हळू आवाज. त्यात आलेली किंचित खरखर गाण्याला शोभते. 'पासिंग थ्रू' हेही असंच हळूहळू मुरलेलं गाणं, धूसर, जरा स्वप्नात असल्यासारखं. चाहत्यांच्या याद्यांत ही दोन गाणी खाली का असतात, मला खरंच कळत नाही. 'फायनल डेज'ही मला आवडतं. त्यात वेट विली या बँडच्या जिमी हॉलचा हार्मोनिका आहे, आणि ब्लूजच्या अंगाने बँड छान सैलावतो. 'द पार्टी' मात्र मी हल्ली सरळ पुढे ढकलते.

'अनदर वर्ल्ड' हे गाणं दोनदा आहे, आधी संथ, मग अकराव्या क्रमांकावर वेगवान. ही नुसती जागाभरती आहे अशी तक्रार बरेच जण करतात. मला पटत नाही. संथ रूपात ते गाणं विनवणी वाटतं, वेगात तेच हट्टाने मागितल्यासारखं होतं. वेगवान रूपात बँड सत्तरच्या दशकातल्या आपल्या तापट स्वभावावर येतो, आणि ते ऐकताना फार बरं वाटतं.

शेवटचं 'गिमी सम ट्रूथ' जॉन लेननचं, मूळ १९७१चं. इथे त्यावर सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या स्टीव्ह जोन्सची गिटार आहे. यामागे जुना धागा आहे. १९८०मध्ये लेननच्या 'डबल फँटसी' या अल्बमचं काम सुरू असताना निर्माता जॅक डग्लसने रिक नीलसन आणि कार्लोसला स्टुडिओत बोलावलं होतं. चीप ट्रिकचा पहिला अल्बमही डग्लसचाच. त्या दोघांनी लेननबरोबर 'आय अ‍ॅम लूझिंग यू' वाजवलं, पण ते रूप अल्बमवर घेतलं गेलं नाही. १९९८च्या लेनन संग्रहात ते अखेर बाहेर आलं. नक्की ऐका, कार्लोसचा ठेका म्हणजे काय ते त्यात कळतं.

तरी हे गाणं अल्बमच्या शेवटी नको होतं. ते २०१९मध्येच वेगळं आलेलं होतं, आणि इथे जोडल्यासारखं वाटतं. त्याआधीचं 'आय विल सी यू अगेन' निरोपाचं गाणं आहे, गेलेल्या माणसाला पुन्हा भेटण्याचा शब्द देणारं. अल्बम तिथे पूर्ण होतो. मी बाराव्या गाण्यावर थांबते आणि लेननचं गाणं वेगळ्या वेळी ऐकते.

नंतरच्या काळातला सर्वांत चांगला अल्बम कोणता, यावर बरेच जुने चाहते २००६च्या 'रॉकफर्ड'चं नाव घेतात. त्यावर कार्लोस आहे, गाण्यांना हवा आहे, आणि सबंध अल्बम म्हणून मीही त्यालाच वर ठेवीन. पण 'सो इट गोज'च्या तोडीचं झँडरचं गाणं मला 'रॉकफर्ड'वर सापडत नाही. नव्याने ऐकणाऱ्यांनी इअरफोन बाजूला ठेवून स्पीकरवर, थेट सातव्या गाण्यापासून सुरुवात करावी आणि पहिली सहा नंतर ऐकावीत.