सीट कापावी की सस्पेन्शन खाली घ्यावं?

माझी उंची 5 फूट 1 इंच, वजन पन्नाशीच्या आत. रॉयल एनफील्डची हिमालयन 411 ही मोटरसायकल घेतली तेव्हा कागदावर सीटची उंची 800 मिमी होती आणि शोरूमच्या सपाट फरशीवर दोन्ही चवडे टेकत होते. पुढे एकदा ताम्हिणीत उतारावर थांबले, डावा पाय सोडला, तर खाली साइडपट्टी खचलेली. जवळपास 200 किलोची गाडी एकदा कलली की आवरत नाही. त्यानंतरच्या वर्षात मी सीटही कमी केली आणि सस्पेन्शनही खाली घेतलं. आज त्यातली सीट तेवढी टिकली आहे.

सीटचं काम पुण्याच्या नाना पेठेत करून घेतलं. सीटवाल्याने आधी मला गाडीवर बसवलं, पाय खाली सोडायला लावले आणि मांड्या जिथे घासत होत्या तिथे रेक्झिनवर खडूने खुणा केल्या. उंची फक्त 25 मिमी उतरवली, पण पुढचा भाग दोन्ही बाजूंनी तासला आणि खरा फरक त्यानेच पडला. रुंद सीटवर पाय आधी बाहेर फाकतात, मग खाली जातात. एखादा इंच तिथेच वाया जातो. सीट निमुळती झाली की तोच पाय सरळ उतरतो. तोटा एकच, पण रोजचा: फोम पातळ झाल्यामुळे दोनेक तासांनी खालचा पत्रा जाणवायला लागतो. म्हणून मूळ सीट कापू नका, दुसरी घेऊन तिच्यावर काम करा. हिमालयन 450 घेणार असाल तर कंपनीचीच कमी उंचीची सीट मिळते, 825 ऐवजी 805 मिमीची. तिथे कापाकापीची गरजच नाही.

याच्याही आधी, फुकटात करता येईल असं एक काम आहे: मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे ती आधीच किती आवळून ठेवली आहे ते, तपासणं. आपण बसल्यावर गाडी सस्पेन्शनच्या एकूण ट्रॅव्हलच्या (चाक जेवढं वर-खाली होऊ शकतं त्या अंतराच्या) साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी दबायला हवी. 411 ला मागे 180 मिमी ट्रॅव्हल आहे, म्हणजे 60 मिमीच्या आसपास. हलका माणूस बसला की ती तेवढी दबत नाही, म्हणजे बुटक्या आणि सडपातळ माणसाला गाडी दुप्पट उंच पडते. प्रीलोड सैल करायला जागा असेल तर करा. मागे कुणी बसणार असेल किंवा सामान लादणार असाल तर मात्र तो आठवणीने परत घट्ट करायचा.

आता सस्पेन्शन खाली घेण्याबद्दल, म्हणजे लिंकबद्दल. 411 चा मोनोशॉक (मागचा एकच शॉक अ‍ॅब्सॉर्बर) लिंकेजमधून, म्हणजे जोडपट्ट्यांमधून, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला जोडलेला आहे. त्यातली 'डॉगबोन' पट्टी थोडी लांब घातली की मागची बाजू 25-30 मिमी खाली बसते. सीट तशीच गुबगुबीत राहते आणि गाडीचं वजनही खाली येतं, हे दोन्ही फायदे खरे आहेत. पण मी ज्या गॅरेजमध्ये गेले तिथे फक्त मागचं काम करून गाडी हातात दिली. पुढची बाजू चढी राहिली, हँडल आळसावलं, घाटातल्या वळणावर गाडी बाहेर ओढायला लागली, रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर. तिसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर साइड स्टँड लावून उतरले आणि गाडी उजवीकडे आडवी झाली. गाडी खाली गेली, स्टँड तेवढाच लांब राहिला, त्यामुळे ती जवळजवळ सरळ उभी होती. हलक्या धक्क्याने गेली. लिंक घालायचीच असेल तर पुढचे फोर्क (पुढच्या चाकाचे दोन दांडे) त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमधून जवळपास तेवढेच वर सरकवून घ्या, पूर्ण दबल्यावर पुढचं चाक कुठे आपटत नाही ना ते बघा, चेनचा ताण आणि हेडलाइटचा रोख पुन्हा जुळवून घ्या. वॉरंटी आणि विम्याचं आधी विचारा.

हे सगळं नीट केलं तरी एक गोष्ट परत मिळत नाही. 220 मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स 190 च्या आसपास आला आणि गावोगावच्या स्पीडब्रेकरवर इंजिनाखालची बॅश प्लेट घासायला लागली. लांब लिंकमुळे स्प्रिंगही मऊ वाटते, खड्ड्यात सस्पेन्शन तळाला आदळतं. ज्या कारणासाठी ही गाडी घेतली तेच कमी झालं. माझं मत स्पष्ट आहे: कच्च्या रस्त्यावर जाणार असाल तर सीट आणि प्रीलोडवर थांबा. सीट शक्य तितकी उतरवूनही पाय टेकत नसतील आणि फिरणं डांबरी रस्त्यावरच असेल, तरच लिंकचा विचार करा. आणि कच्च्या रस्त्याची हौस मुळात नसेल तर रॉयल एनफील्डचीच 765 मिमी सीटची मिटिऑर 350 एकदा बसून बघा, बदल न करताच पाय टेकतील.

केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचरसारख्या गाडीत शॉक थेट स्विंगआर्मला असतो. तिथे लिंकचा पर्यायच नाही, शॉक खोलावा लागतो. ते मी कुणाला सुचवणार नाही.

शेवटी मी लिंक काढून मूळ पट्ट्या बसवल्या. तोवर खाली आलेल्या गाडीसाठी स्टँड कापून वेल्डिंग झालं होतं. गाडी पुन्हा उंच झाल्यावर तो आखूड पडला, गाडी डावीकडे इतकी झुकायची की उचलताना दम लागायचा. नवा स्टँड घ्यावा लागला. तुम्ही लिंक घालणार असाल तर कापायला दुसरा स्टँड आणा, मूळचा घरी ठेवा.