हललेला अंगठा आणि पावणेपाच लाख

मागच्या महिन्यात जिंतूरकडचे एक काका दुकानात आले. उन्हाळी भुईमुगाचं बियाणं हवं असेल म्हणून मी पिशवी काढायला वळलो, तर त्यांनी मोबाइल पुढं केला. व्हिडिओत माझा धाकटा भाऊ दोन लोखंडी दांड्यांच्या मधे उभा. पायांना कॅलिपर. मागून दोघांनी कंबर धरलेली, पण ते दोघं दिसणार नाहीत असा कॅमेरा लावलेला. खाली मोठ्या अक्षरात, ‘तीन डोसनंतर स्वतःच्या पायावर!’ अंगात आमच्या कृषी सेवा केंद्राचं नाव छापलेला टी-शर्ट, त्यावरूनच काका पत्ता काढत आले होते. त्यांचा मुलगा मोटारसायकलवरून पडला, वर्षभर अंथरुणाला खिळून आहे.

म्हणून स्टेम सेलच्या, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशींच्या, या डोसांबद्दल लिहितोय. नाहीतर घरातली ही गोष्ट चारचौघांत काढायची माझी तयारी नव्हती.

मे २०२४ मध्ये विहिरीचं काम चालू असताना यारीचा दोर तुटला आणि भाऊ खाली गेला. छातीच्या भागातला नववा मणका फुटला. नांदेडला रॉड-स्क्रू बसवले. ऑपरेशननंतर तिथल्या सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हाड आम्ही जोडलं. आतला मज्जारज्जू जोडता येत नाही. जे काय परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात येतं." भावाला बेंबीखाली काहीच कळत नव्हतं. कागदावर ‘ए’ ग्रेड लिहिला होता, म्हणजे पूर्ण इजा. डॉक्टर खरं बोलला, आणि त्या खऱ्या बोलण्याचाच आम्हाला राग आला.

वर्ष गेलं. जुलै २०२५ मध्ये पुतण्याच्या मोबाइलवर जाहिरात आली, जिल्ह्याच्या गावी मंगल कार्यालयात मोफत तपासणी शिबिर. तिथं कोऑर्डिनेटर म्हणून एक ताई होत्या. बोलणं असं की आमची माय पहिल्या पाच मिनिटांत त्यांचीच झाली. "दादा, स्टेम सेल थेरपीत चिरफाड नाही. पेशंटच्याच कमरेच्या हाडातून मगज काढायचा, मशीनमधून पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीत सुईनं सोडायच्या. पेशी जखम शोधत जातात." मग त्यांनी जपानची बातमी दाखवली.

बातमी खरी होती. मी बियाणं विकतो, मला माहीत पाहिजे होतं की बोगस पिशवीतही मूठभर चांगला दाणा असतो. टोकियोच्या केयो विद्यापीठानं ४ रुग्णांच्या मज्जारज्जूत पेशी सोडल्या, पहिली शस्त्रक्रिया डिसेंबर २०२१ मध्ये झाली, आणि मार्च २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की दोघांत सुधारणा झाली, त्यातला एक आधाराशिवाय उभा राहिला. पण त्या पेशी प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेल्या, चेतापेशींच्या आधीच्या अवस्थेतल्या. ते चौघेही अपघातानंतर दोन ते चार आठवड्यांच्या आतले. उरलेल्या दोघांत म्हणावा असा फरक पडला नाही, आणि चारच माणसांवरून काही सिद्ध होत नाही असं शास्त्रज्ञ स्वतःच म्हणतात. आमच्या भावाच्या अपघाताला चौदा महिने झाले होते आणि आम्हाला देणार होते कमरेच्या हाडातला मगज. दोन्हींत नाव सोडलं तर काय सारखं होतं? हे मला आज कळतं. त्या दिवशी मी फक्त उभा राहिलेला माणूस बघितला.

एक डोस १ लाख ८० हजारांचा, तीन एकदम बुक केले तर ४ लाख ७५ हजार. अर्धा एकर गहाण टाकला, वहिनीची पोत मोडली. एक डोस ऑगस्टमध्ये झाला. सप्टेंबरात इकडं पावसानं काय केलं ते मराठवाड्यातल्या कुणाला सांगायला नको. सोयाबीन पाण्यात, आणि त्याच आठवड्यात ताईंचा फोन, "दादा, हप्ता राहिलाय, गॅप पडला तर पहिला डोस वाया जाईल." मी उधारी करून पैसे पाठवले. एका खासगी नावावर. पावती मागितली तर "शेवटी एकदम देऊ".

पहिल्या डोसनंतर भाऊ चार दिवस डोकं वर करू शकला नाही. उठवून बसवलं की कवटी फुटल्यासारखं दुखायचं. पाठीत सुई घातल्यावर असं होतं, हे आधी कुणी बोललं नव्हतं. पाचव्या दिवशी मी त्याचे पाय पुसत होतो आणि डाव्या पायाचा अंगठा वर गेला. माय ओरडली, "हलायलाय रे! अंगठा हलायलाय!" सगळे रडलो. ताईंनी लगेच शूटिंग केलं. पुढचे दोन डोस आम्ही त्या अंगठ्यावर घेतले, असं म्हटलं तरी चालेल.

तिसऱ्या डोसच्या वेळी तीन आठवडे डोस देणाऱ्या दवाखान्यातल्या साध्या गादीवर ठेवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, आम्ही घरी न चुकता करायचो. तिथं रात्री कुणी फिरकायचं नाही. घरी आणला तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती, आठ दिवसांत तळहाताएवढी झाली.

जखमेसाठी परभणीला नेलं. तिथल्या फिजिओथेरपीच्या मुलीला मी मोठ्या कौतुकानं अंगठ्याचं सांगितलं. तिनं पेनाचं टोपण तळपायावर टाचेकडून वर ओढलं. अंगठा उठला. मग ती भावाला म्हणाली, "दादा, डोळे मिटा. आता तुम्ही हलवा." भाऊ दात आवळून जोर लावत होता, कपाळावर घाम आला. अंगठा ढिम्म. तिनं पुन्हा टोपण ओढलं, पुन्हा उठला. "कळलं का आत्ता?" भाऊ म्हणाला, "नाही." ती माझ्याकडं बघून हळू म्हणाली, "हा मज्जारज्जूचा झटका आहे. इजेच्या खालचा भाग मेंदूला न विचारता हलतो. हा अंगठा डोसच्या आधीपासून हलत असणार, तुम्ही पाहिला नसेल."

आमचाच झटका आम्हाला पावणेपाच लाखांना विकला.

मग मी ते केलं जे आधी करायचं होतं. मी गिऱ्हाइकाला सांगतो, सोयाबीन पेरायच्या आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवा, ७० उगवले तरच पेरा. इथं मी एक दाणाही भिजवला नव्हता. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्ताच्या काही आजारांत होणारं मगज प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल ही अजून मान्य उपचारपद्धती नाही. मंजूर झालेल्या चाचणीबाहेर ती वापरणं अनैतिक. अशी चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते, ती कुणालाही फुकट बघता येते, आणि भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. म्हणजे पॅकेजचा भाव सांगितला तिथंच मी उठायला हवं होतं. लकवा बरा करतो अशी जाहिरात तर १९५४ च्या चमत्कारी उपाय कायद्यानंच बंद आहे.

आमच्या बिलात ‘स्टेम सेल’ हा शब्द कुठंही नाही. ‘प्रोसिजर चार्जेस’, ‘फिजिओ’, ‘बेड’, तेही निम्म्याच रकमेचं. सही केलेला इंग्रजी फॉर्म एका वकिलांनी वाचून दाखवला, त्यात उपचार प्रायोगिक असल्याचं, हमी नसल्याचं आणि शूटिंग वापरायची परवानगी दिल्याचं होतं. सही माझी.

‘स्वतःच्याच पेशी, त्यात धोका कसला’ हेही ऐकलं होतं. पोर्तुगालमध्ये एका तरुणीच्या मज्जारज्जूत तिच्याच नाकातली ऊती बसवली होती, ८ वर्षांनी पाठीत गाठ झाली, आत शेंबडासारखा द्रव. हे वाचून त्या रात्री मी जेवलो नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. दोन वर्षांच्या आत करावी लागते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बँकेतून पाठवलेल्या पैशाची नोंद आहे. जे ८० हजार रोख दिले ते गेलेच समजायचे. ताई अजून सकाळी शुभ सकाळचे फुलं पाठवतात.

त्या दिवशी काकांना मी घरात नेलं. भाऊ व्हीलचेअरवर बसून दुकानाच्या उधारीची वही लिहीत होता. काका बराच वेळ त्याच्या पायांकडं बघत राहिले, मग म्हणाले, "तरी थोडासा तरी फरक?" भावानं पायावरची चादर बाजूला केली, टोपणानं तळपाय ओरबाडला. अंगठा उठला आणि काकांचे डोळे चमकले. "काका," भाऊ म्हणाला, "हे मी नाही केलं."

चहा झाला. काका बोलेनात. चपला घालताना त्यांनी विचारलं, भावाच्या पलंगावरची, जखमा होऊ नयेत म्हणून घातलेली ती हवेची गादी कुठून आणली आणि केवढ्याला पडली.