ब्रॅडली स्टोक की स्टोक गिफर्ड?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या उत्तरेला घर शोधणारे बरेच जण शेवटी या दोन नावांपाशी येऊन अडकतात. आम्ही स्टोक गिफर्डला दीड वर्ष भाड्याने राहिलो आणि घर घेतलं ब्रॅडली स्टोकला. तेव्हा माझा कल लपवण्यात अर्थ नाही.

कौन्सिल दोन्हीकडे साउथ ग्लॉस्टरशायरचीच. तिच्याखाली पॅरिश, म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत. पण तिला कमी लेखू नका. पार्करन, म्हणजे दर शनिवारी बागेत सगळ्यांनी मिळून फुकट धावायचा उपक्रम, त्याच्याकडे पैसे मागायचं स्टोक गिफर्डच्या पॅरिश कौन्सिलने २०१६ साली ठरवलं, त्याचा गाजावाजा देशभर झाला.

स्टोक गिफर्डला मुळात गाव आहे: जुनं चर्च, मधोमध हिरवळ. शिवाय १९७२ पासूनचं ब्रिस्टल पार्कवे स्टेशन. आठवड्यातून तीनदा लंडन गाठायचं असेल, तर पुढचं वाचू नका, तिथेच घर घ्या.

आमच्या मात्र ते स्टेशनच मुळावर आलं. तिथल्या पार्किंगचे पैसे वाचवायला लोक आमच्या गल्लीत गाड्या लावून जायचे. सकाळी साडेसातनंतर जागा मिळाली तर नशीब. एक करडी गाडी तर आमच्या दारासमोर सलग नऊ दिवस उभी होती. मालक बहुधा सुट्टीवर. नेमकी तेव्हाच आई पुण्याहून आली. तिचे गुडघे दुखरे, त्यात पाऊस, आणि आमची गाडी पार कोपऱ्यावर. त्या गाडीने नियम कुठलाच मोडला नव्हता, मग तक्रार कोणाकडे करणार? दारात पोचल्यावर आई एवढंच म्हणाली, "यापेक्षा आपली सदाशिव पेठ बरी."

ब्रॅडली स्टोकमध्ये खोड्या नाहीत असं नाही. १९८७ साली बांधकाम सुरू झालं, पाठोपाठ मंदी आली, भाव कोसळले आणि लोकांनी गावाला 'सॅडली ब्रोक' (म्हणजे बिचारं कंगाल) म्हणून चिडवलं. घरं एका साच्यातली. आमच्या गॅरेजमध्ये गाडी शिरते, पण मग दार उघडत नाही. वारा फिरला की मोटरवेची घरघर ऐकू येते. तिची सवय होते, निदान आम्हाला झाली. किराण्याला विलो ब्रुक सेंटर चालत जाण्याजोगं, संध्याकाळी फिरायला थ्री ब्रुक्सची झाडी, आणि शहरात जायला एम१ मेट्रोबस. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, पण दारासमोरची जागा आपली असण्याचं सुख मला तरी मोठं वाटतं.

पार्कवेला मी आता सायकलने जातो. उशीर झाला तर गाडी काढतो, आणि पार्किंगचे पैसे मुकाट्याने भरतो.