स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी: वजन उतरतं, पण छातीतल्या जळजळीचं काय?

लठ्ठपणावरच्या ऑपरेशनचं पॅकेज विचारायला गेलं की बहुधा दोन नावं पुढे येतात, स्लीव्ह आणि रू-एन-वाय बायपास. दोन्ही दुर्बिणीतून होतात, पोटावर साधारण पाच छिद्रं पाडून. स्लीव्ह जास्त खपते, कारण ती समजवायला सोपी, वेळ कमी लागतो आणि आतड्याला हात लागत नाही. आमचं मत आधीच सांगतो. ज्याला पित्ताची जळजळ नाही अशा माणसासाठी स्लीव्ह चांगली शस्त्रक्रिया आहे. ज्याला ती आहे, त्याच्या गळ्यात स्लीव्ह मारू नये. आणि ऑपरेशनआधीची एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका आणि जठर तपासणं) ज्या पॅकेजमध्ये नाही, ते कितीही स्वस्त असलं तरी अपुरं आहे.

स्लीव्हमध्ये जठराची बाहेरची गोलाई चरबीच्या पडद्यापासून सोडवतात. तोंडातून ३६ ते ४० फ्रेंच मापाची, म्हणजे १२ ते १३ मिलिमीटर जाडीची नळी जठरात उतरवतात. मग जठराच्या खालच्या दारापासून ४ ते ६ सेंटिमीटर जागा सोडून, नळीच्या कडेने स्टेपलर चालवत वर जातात. जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. जठर जिथे वळतं तिथे स्टेपलर फार आत गेला किंवा नळीला पीळ पडला, तर वाट अरुंद होते आणि पाणीही उलटून पडतं. स्टेपलच्या शिवणीतून गळती मात्र बहुतेकदा अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ होते. तिथे रक्तपुरवठा कमी, आणि अरुंद नळीतला दाब जास्त. म्हणून त्या कोपऱ्यात स्टेपलर अन्ननलिकेला चिकटवून न चालवता थोडी जागा सोडतात.

ही गळती घरी गेल्यावर, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातही उघड होऊ शकते. नाडी १२० च्या वर, ताप, धाप, डाव्या खांद्यात दुखणं यांपैकी काहीही दिसलं तर ‘गॅस असेल’ म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी सीटी स्कॅन करायचा. पॅकेज ठरवताना नेमकं हेच विचारा: गळती झाली तर ड्रेन (साचलेला द्रव बाहेर काढणारी नळी), स्टेंट (गळती झाकायला आत बसवलेली नळी) आणि आयसीयूचा खर्च कोणाचा?

आता निकालांकडे. फिनलंडमधल्या स्लीव्हपास चाचणीत २००८ ते २०१० दरम्यान २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकून स्लीव्ह किंवा बायपास दिली गेली. १० वर्षांचे निकाल २०२२ मध्ये आले. जादा वजनापैकी स्लीव्हनंतर ४३.५ टक्के उतरलेलं राहिलं, बायपासनंतर ५०.७ टक्के. पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण जवळपास सारखंच, १५.७ आणि १८.५ टक्के. खरी तफावत अन्ननलिकेत दिसली: आम्लाने आलेली सूज स्लीव्हच्या ३१ टक्के रुग्णांत, बायपासच्या ७ टक्क्यांत. स्वित्झर्लंडमधल्या २१७ रुग्णांच्या चाचणीचा ५ वर्षांचा सूर हाच. तिथे जळजळ वाढलेल्यांचं प्रमाण स्लीव्हनंतर ३१.८ आणि बायपासनंतर ६.३ टक्के होतं.

कारण रचनेत आहे. अन्ननलिका आणि जठराचा वरचा फुगा यांच्यातला कोन एरवी झडपेसारखा काम करतो. स्लीव्हमध्ये तो फुगाच जातो, आणि उरलेल्या नळीतला दाब आम्लाला वर ढकलतो. त्यात हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला, असेल आणि तो दुरुस्त न करता सोडला असेल, तर त्रास आणखी वाढतो.

‘जादा वजन’ या शब्दावर जरा थांबायला हवं, कारण माहितीपत्रकं याच शब्दावर चालतात. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ११० किलो, तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सुमारे ४०. बीएमआय २५ हा आधार धरला तर वजन ६८ किलो येतं, म्हणजे जादा वजन ४२ किलो. ‘५० टक्के घट’ म्हणजे २१ किलो, ५५ नव्हे. वजन ८९ वर येईल, एकूण वजनातली घट १९ टक्के. आशियाई लोकांसाठी आधार बीएमआय २३ धरला तर तेच २१ किलो ४४ टक्के दिसतात. म्हणून टक्क्यांबरोबर आधार कोणता आणि किती वर्षांनंतरचा आकडा, हे विचाराच. पहिल्या वर्षाचा आकडा नेहमी देखणा असतो.

मधुमेहासाठी ऑपरेशन करणाऱ्यांनी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची १५० रुग्णांची स्टॅम्पीड चाचणी लक्षात ठेवावी. ५ वर्षांनी एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्तचाचणी) ६ किंवा त्याखाली असलेले रुग्ण नुसत्या औषधांवर ५ टक्के, स्लीव्हनंतर २३ आणि बायपासनंतर २९ टक्के होते. औषधांपेक्षा दोन्ही खूप पुढे आहेत. पण ‘मधुमेह कायमचा गेला’ हे वचन यातून निघत नाही.

बायपासही निर्दोष नाही. तिच्यात साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून तिला लहान आतडं जोडतात. आतडं धरणाऱ्या पडद्यात त्यामुळे दोन फटी तयार होतात. वजन उतरलं, चरबी गेली, की फटी मोठ्या होतात आणि आतडं त्यात अडकू शकतं. स्वीडनमध्ये २,५०७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत फटी शिवल्यावर ३ वर्षांत आतड्याच्या अडथळ्यासाठी पुन्हा ऑपरेशनचं प्रमाण १०.२ वरून ५.५ टक्क्यांवर आलं. शिवताना जोडाजवळ आतडं मुडपण्याचा धोका थोडा वाढतो, पण व्यवहार फायद्याचाच आहे. तेव्हा सर्जनना सरळ विचारा, ‘दोन्ही फटी शिवता का?’ बायपासनंतर पोटात कळा येऊन-जाऊन येत असतील तर सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होऊ नका. जोडावर अल्सर होऊ नये म्हणून सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही बंद. शिवाय पिशवीपासून तोडून आतच बंद ठेवलेल्या उरलेल्या जठरात नेहमीची दुर्बीण पोचत नाही.

रोबोटच्या मदतीने ऑपरेशन करण्यासाठी जास्त पैसे मोजावेत असं आम्हाला वाटत नाही. वजन उतरण्यात तो साध्या दुर्बिणीपेक्षा सरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

विम्याबाबत गोंधळ फार होतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आशियाई व्यक्तींना बीएमआय २७.५ पासून शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा. भारतातल्या आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटी मात्र बीएमआय ४०, किंवा ३५ सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं) वा आटोक्यात नसलेला मधुमेह मागतात, आणि आधीचे उपाय फसल्याचीही अट असते. डॉक्टरांनी ‘चालेल’ म्हटलं म्हणून क्लेम पास होईल असं गृहीत धरू नका. लेखी पूर्वमंजुरी घ्या.

सर्वांत कमी गुण आम्ही नंतरच्या देखरेखीला देतो. पॅकेज डिस्चार्जला संपतं, गरज मात्र आयुष्यभराची असते. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं, कॅल्शियम सायट्रेट १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम विभागून, बी१२ आणि डी जीवनसत्त्वं, आणि लोह, तेही कॅल्शियमपासून दोन तासांच्या अंतराने. शाकाहारी घरात वरण-भातावर ६० ग्रॅम गाठता येत नाही. पनीर, दही, सोयाबीन किंवा पावडर लागतेच. गर्भधारणा १२ ते १८ महिने लांबवावी. आणि सतत उलट्या होत असतील, चालताना तोल जात असेल, नजर दुहेरी होत असेल, तर जवळच्या दवाखान्यात पोचताच ऑपरेशनचं नाव सांगा आणि ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिनचं (बी१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन मागा.